‘लाइट गेलती’ आणि इतर पत्रं

(या सदरात एरवी मोबाइल तापतो, फोटो उडाले, ओटीपी कुणाला तरी सांगून बसलो, असलीच पत्रं येतात. या महिन्यात मात्र चार पत्रं एकाच बाजूची निघाली. पहिल्याचं उत्तर लांबलंय. संपादकांनी ‘बघू’ म्हणून ठेवून घेतलं आणि कापलं नाही, त्यांचे आभार.)

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. २००१ साली कॉलेज संपवून घरी बसले होते. रोज संध्याकाळी कॅफेत जाऊन याहूच्या चॅटरूममध्ये तासभर बसायचे. समोरचं माणूस कोण, कुठलं, काही ठाऊक नसायचं. तरी वडिलांचं आजारपण, मोडलेलं लग्न, सगळं मी तिथे बोलले. आज फेसबुकवर माझे अकराशे मित्र आहेत, व्हॉट्सअॅपवर सदतीस ग्रुप. गेल्या महिन्यात आई गेली. दोनशे जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं. बोलायला मात्र कुणी नाही. माझं वय झालं म्हणून असं वाटतंय, की खरंच काही बदललंय?
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : आई गेल्याचं वाचलं आणि पत्र दोन दिवस तसंच बाजूला ठेवलं. आता लिहिते.

वयाचा काही संबंध नाही. बसायची जागा बदलली. ती बदलताना मी काउंटरवर बसून पाहिली आहे, म्हणून थोडं माझं पुराण ऐकावं लागेल.

१९९९च्या दिवाळीत आम्ही नवराबायकोनं सांगलीला विश्रामबागेत सायबर कॅफे काढला. चार कॉम्प्युटर, प्लायवूडच्या चार केबिन आणि फोनची एकच लाइन चौघांत वाटलेली. एकानं मोठा फोटो उघडला की बाकीचे तिघं ओरडायचे. तासाला साठ रुपये. दहा वर्षांनी शटर ओढलं तेव्हा दर पंधरावर आला होता. ह्यांची नोकरी होती, त्यामुळे काउंटर माझा आणि वही माझी. कोण कितीला बसलं, कितीला उठलं, सगळं त्या वहीत. वालचंद आणि विलिंग्डन कॉलेजची पोरं, परीक्षेचे फॉर्म भरणारे, अमेरिकेतल्या मुलाची मेल वाचून घ्यायला येणारे आजी-आजोबा. संध्याकाळी सातनंतर मात्र चारही केबिनमध्ये एकच धंदा चालायचा, याहू चॅट.

तुम्हाला आठवत असेलच. आत शिरलं की पहिला प्रश्न ‘एएसएल’. म्हणजे वय काय, बाई की पुरुष, गाव कुठलं. नाव विचारायची पद्धतच नव्हती. खोली भरली की पुढच्या नंबरची खोली उघडायची. एका बाजूला हजर असलेल्यांची यादी, मधे वर वर पळणाऱ्या ओळी. सगळी मराठी रोमन अक्षरांत, आणि ‘आहे’मध्ये ‘ए’ किती लिहायचे यावर कुणाचंच एकमत नाही. आवाजाच्या खोल्यांत कुणीतरी माईक अडवून जुनी गाणी म्हणत बसायचा आणि बाकीचे खाली टाइप करायचे, ‘माईक सोड रे बाबा’. कुणाचा राग आला की बूटर नावाचं चोरटं सॉफ्टवेअर चालवून त्याला बाहेर फेकायचे. तेव्हा काही सोन्याचा धूर निघत नव्हता, हे तुम्हीही मान्य कराल.

२००५चा उन्हाळा. लोडशेडिंग जोरात. आमचा यूपीएस दहा मिनिटं कसाबसा तग धरायचा, मग अंधार. दोन नंबरच्या केबिनमध्ये इंजिनिअरिंगचा एक पोरगा रोज बसायचा. मुंबईच्या कुणा ‘प्रिया’शी त्याच्या गप्पा चालत. त्या दिवशी लाइट गेली, सगळे उठून गेले. दोन तासांनी आली तेव्हा पोरगा परत हजर. दहाच मिनिटांत केबिनमधून बाहेर येऊन काउंटरवर कोपर टेकून उभा राहिला. म्हणाला, “काकू, मुंबईत लाइट जाती का हो?”

मी म्हटलं, मुंबईला कुठलं आलंय लोडशेडिंग.

“मग ती दोन तास कुठं होती विचारलं तर म्हणती, ‘लाइट गेलती’. मुंबईची पोरगी ‘गेलती’ म्हणंल का?”

मी वहीत पाहिलं. त्या वेळी आणखी दोनच केबिन चालू होत्या. एका केबिनमध्ये आजोबा. चार नंबरला एका ऑफिसातले कारकून, चाळिशीचे, बोलताना अडखळणारे. रोज तासभर बसायचे, सुटे पैसे मोजून ठेवायचे, मान वर करायचे नाहीत. पोराला मी काहीच बोलले नाही. तो गेल्यावर कारकून पैसे द्यायला आले तेव्हा हळूच विचारलं, प्रियाच का?

त्यांचे कान लाल झाले. म्हणाले, “वहिनी, माझ्या नावानं आत गेलो की ‘हाय’लासुद्धा कुणी उत्तर देत नाही. प्रिया म्हणून गेलो की वीस खिडक्या उघडतात.”

आणि मग बोलता काय, असं विचारलं. तर पावसाचं, पगाराचं, आईच्या गुडघ्याचं. तो पोरगा एम-थ्रीत, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या पेपरात, नापास झाला होता, घरी सांगितलं नव्हतं. कारकून त्याला रोज धीर देत होते. त्यांचं स्वतःचं गणित चांगलं होतं म्हणे.

पोरगा पुढच्या खेपेला सुटला. पेढे घेऊन आला. काउंटरवर सगळ्यांना दिले, चार नंबरवाल्यांनाही. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

हे फसवणूक म्हणून सांगू की मदत म्हणून, मला वीस वर्षांत ठरवता आलेलं नाही. पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्यात आहे. त्या खोलीत तुम्ही कोण आहात याला फारशी किंमत नव्हती, तुम्ही आत्ता इथे बसला आहात याला होती. आणि ही काही याहूची अक्कल नव्हे. फिनलंडमधल्या औलू विद्यापीठात यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली आयआरसी नावाचं गप्पांचं सॉफ्टवेअर लिहिलं, त्याचा सर्व्हर एवढंच करायचा की कुणी टाकलेली ओळ त्या क्षणी चॅनेलवर, म्हणजे खोलीत, असणाऱ्या सगळ्यांना पोचवायची. साठवायची नाही. उशिरा येणाऱ्याला मागचं काही दिसत नसे. कुणी मुद्दाम उतरवून ठेवलं तर गोष्ट वेगळी, नाहीतर बोलणं झालं की गेलं. तुम्ही वडिलांबद्दल बोललात ते २००१मध्येच राहिलं. उद्या कुणी त्याचा स्क्रीनशॉट काढून नात्यातल्या ग्रुपवर टाकणार नाही. म्हणून तर बोललात.

ऑर्कुट हे फेसबुकसारखं नेटवर्क २००४च्या जानेवारीत निघालं, आमच्या कॅफेत पोचायला २००५ची अखेर उजाडली. त्यानंतर वर्षभरात याहूच्या खोल्या आमच्यापुरत्या ओस पडल्या. पोरं आता खोलीत जात नव्हती, स्वतःचं पान सजवत होती. स्क्रॅप (पानावर लिहिलेले निरोप) किती झाले, टेस्टिमोनियल, म्हणजे कौतुकाच्या ओळी, कुणी लिहिलं, फॅन किती. तुमच्या वहीतला स्क्रॅप दुसऱ्याला वाचता यायचा, म्हणून एकाला लिहिताना डोळा चौघांवर. पुढे तर आपलं प्रोफाइल कोण बघून गेलं तेही दिसायला लागलं. तेव्हा एक पोरगा घामाघूम होऊन काउंटरवर आला, “काकू, हे बंद कसं करायचं?” त्यानं एकीचं पान त्या दिवसात नऊ वेळा उघडलं होतं. तो शोध काकूंनाही लागला नाही.

मग २००६च्या सप्टेंबरात फेसबुक सगळ्यांना खुलं झालं, आणि त्याच महिन्यात न्यूज फीड आली. आता तुम्हाला कुणाकडे जावंच लागत नाही. सगळ्यांचं सगळं तुमच्यापुढे येऊन पडतं, कंपनी ठरवेल त्या क्रमानं. तुम्ही आईबद्दल लिहिलंत ते वाचणार कोण? मामी, ऑफिसातल्या मॅडम, दहावीच्या बाकावरची मैत्रीण, पॉलिसी विकणारा भाऊजी. एवढ्या सगळ्यांसमोर माणूस दशक्रियेला बसल्यासारखा बसतो. आणि समोरचेही तसेच वागतात, येतात, हात जोडतात, निघतात. त्या दोनशे जणांत वाईट कुणीच नसेल हो. पण ‘रात्री झोप लागते का?’ हे दशक्रियेच्या मांडवात कुणी विचारत नाही.

नेटवर्कला नुसती नावं ठेवून मला चालणार नाही, कारण माझ्यावर त्याचे उपकार आहेत. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला, आयर्विन पुलापाशी पाणी सत्तावन फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी पंचेचाळीस. गावभागात माझी मावशी दुसऱ्या मजल्यावर अडकलेली, ब्याऐंशी वर्षांची, इन्सुलिन संपत आलेलं. फोन लागत नव्हते. मी फेसबुकवर चार ओळी टाकल्या, घराची खूण दिली, मारुतीच्या देवळामागचा पिवळा जिना. शाळेतल्या एका मैत्रिणीनं, जिच्याशी मी तीस वर्षांत एक शब्द बोलले नव्हते, ते पुढे ढकललं. तिच्या दिराचा मित्र बोटीवर होता. दुपारी तीनला मावशी सुक्या जागेत चहा पीत होती आणि साखर घातली नाही म्हणून कुरकुरत होती.

याहूच्या खोलीत ओरडले असते तर ‘एएसएल’ विचारलं असतं.

मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७३ साली हेच लिहून ठेवलंय, नोकरी शोधणाऱ्यांचा दाखला देऊन. नवी खबर, नवी वाट बहुतेक वेळा लांबच्या ओळखीतून येते, कारण जवळच्यांना जे ठाऊक ते आपल्यालाही ठाऊकच असतं. फेसबुक म्हणजे लांबच्या ओळखींचं कपाट. मैत्रिणीच्या दिराचा मित्र लागतो तेव्हा ते उघडायचं. रडायला तिथे जाऊ नका.

मग जायचं कुठे? याहूच्या खोल्या १४ डिसेंबर २०१२ला बंद झाल्या, मायक्रोसॉफ्टच्या एमएसएननं तर आपल्या फुकट खोल्या बहुतेक देशांत २००३च्या ऑक्टोबरातच आवरल्या. तिथे स्पॅम माजला होता आणि लहान पोरांच्या मागे नको ते लोक लागत होते, त्यामुळे फार हळहळावं असंही नाही. आयआरसी अजून जिवंत आहे, लिबेरा चॅटवर वगैरे, पण तिथे बहुतेक सॉफ्टवेअरवाले. तुम्हाला सुनं वाटेल.

मी काय करते ते सांगते. मायबोली ही साइट १९९६पासून चालू आहे, तिथे गप्पांची ‘वाहती पानं’ असतात. नवं लिहिलं की जुनं वाहून जातं. नाव काय सुरेख दिलंय. अशाच एका पानावर मस्कतच्या एका बाईंशी माझी ओळख झाली, उकडीच्या मोदकाच्या फुटलेल्या पारीवरून. त्यांच्या, माझ्या ओळखीतून आम्ही सात जणी झालो. व्हॉट्सअॅपवर ग्रुप आहे, पण तो आठवडाभर मुका असतो. गुरुवारी रात्री साडेनऊ ते साडेदहा, जिला जमेल ती येते आणि आपण आल्याचं लिहिते. फॉरवर्ड बंद, फोटो बंद, हात जोडलेलं चित्र टाकलं तर पुढच्या गुरुवारी तिला सुट्टी. मेसेज आपोआप नाहीसे व्हायची सोय व्हॉट्सअॅपमध्ये आहे, चोवीस तासांवर लावून ठेवली आहे. सातांतल्या दोघींना मी अजून पाहिलेलं नाही. नवरे, नणंदा, सुना कुणी आत नाहीत, हा एकच नियम आम्ही मोडलेला नाही.

वेळ ठरलेली हवी आणि माणसं थोडी हवीत, बाकी सोय कुठलीही चालते. सदतीसपैकी कुठल्याही ग्रुपवर ही मोट बांधायला जाऊ नका, तिथे आधीच मामी आहे. तुमच्या पत्रात आईबद्दल एक ओळ होती, ती इथे छापली नाही. ती ज्या चौघींना सांगावीशी वाटेल त्या चौघींना आधी फोन करा.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आहे. रात्री हेडफोन लावून डिस्कॉर्डवर कुणाकुणाशी बोलत असतो. त्याची आई म्हणते, जुनी चॅटरूमच ही, फोन काढून घ्या. काय करावं?
– एक वडील, रत्नागिरी

उत्तर : वहिनींचं अर्धं बरोबर आहे. डिस्कॉर्ड २०१५चं, गेम खेळणाऱ्या पोरांसाठी निघालेलं, आणि त्याची रचना जुन्या चॅनेलांचीच आहे. सर्व्हर, त्यात खोल्या, बोलायच्या खोल्या वेगळ्या. फरक एक, इथे लिहिलेलं मागे राहतं.

फोन काढून घेतलात तर तो मित्राच्या फोनवरून जाईल, आणि तुम्हाला मग काहीच कळणार नाही. आमच्या कॅफेत अशी घरून बंदी घातलेलीच पोरं जास्त वेळ बसायची, माझा धंदा त्यावर चालला म्हणा ना. त्याला एवढंच विचारा की सर्व्हर कुणाचा. शाळेतल्या पाचसहा जणांचा असेल तर सोडून द्या, ते आमच्या वेळच्या कट्ट्यासारखंच. हजारोंचा उघडा सर्व्हर असेल तर अनोळखी माणसाचे खासगी मेसेज बंद करण्याची सोय सेटिंग्जमध्ये आहे, ती त्याच्या हातानं लावून घ्या, तुम्ही शेजारी बसा. आणि एक गोष्ट त्याला दारातच सांगून ठेवा : कुणी कॅमेरा चालू कर म्हणालं, फोटो मागितला, किंवा ‘हे घरी सांगू नको’ म्हणालं, की उठायचं आणि तुमच्याकडे यायचं, तुम्ही ओरडणार नाही.

ही शेवटची अट तुमच्यासाठी आहे, आणि तीच अवघड आहे. अनोळखी माणसांची कॅमेऱ्यावर गाठ घालून देणारी ओमेगल २००९ला निघाली आणि २०२३च्या नोव्हेंबरात बंद झाली, तिथे मुलांचे जे हाल झाले त्याचे खटले चालले होते. खरंच काही घडलं तर १९३० हा सायबर गुन्ह्यांचा नंबर आहे, मुलांसाठी १०९८. आधी स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. बहुतेक लोक उलट करतात आणि पुरावा घालवून बसतात.

प्रश्न : २००३ साली याहूवर एका मुलीशी वर्षभर बोलत होतो. फक्त आयडी माहीत आहे. आता शोधता येईल का? मी विवाहित आहे, हेतू वाईट नाही.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : हेतूबद्दल मी काही विचारलं नव्हतं.

आयडीवरून माणूस सापडायची वाट आता जवळजवळ उरलेली नाही. याहू मेसेंजर १७ जुलै २०१८ला बंद पडला, मित्रांची यादी त्याच्याबरोबर गेली. तुमची त्या काळची याहू मेल तुम्ही अधूनमधून उघडत आला असाल तर तिच्यात तिचं एखादं पत्र निघेल. वर्षभर न उघडलेलं खातं याहू रिकामं करतं. पत्र निघालंच तर त्या पत्त्यावर एकच मेल टाका, चार ओळींची, आणि उत्तर नाही आलं तर तिथेच थांबा. तोच आयडी गुगलवर, इन्स्टाग्रामवर टाकून, पोलिसातल्या मित्राला सांगून, असं काही करू नका. नाव न सांगणं ही तिची त्या वेळची अट होती आणि तुम्ही ती मान्य करून वर्षभर बोललात.

वरचं पहिलं उत्तर वाचलंत तर आणखी एक शक्यता ध्यानात येईल. तिच्याऐवजी तुम्हाला विश्रामबागेतले एक सज्जन भेटू शकतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा ग्रुप आहे, १८४ जण. पाण्याच्या वेळेसाठी काढला होता. आता राजकारण, सुविचार, तिसऱ्या मजल्याचं भांडण. पाण्याची वेळ सापडत नाही. उपाय?
– सेक्रेटरी, डोंबिवली पूर्व

उत्तर : दोन ग्रुप करा. एकात फक्त अॅडमिनला लिहिता येईल असं सेटिंग ठेवा, त्यावर पाणी, लिफ्ट, मेंटेनन्स, बस. दुसरा भांडणाचा, तो खुला. भांडणाच्या ग्रुपमधून तुम्ही स्वतः बाहेर पडू नका, नाहीतर पुढच्या सर्वसाधारण सभेत तोच विषय निघेल. म्यूट करा.

पाण्याची वेळ लिफ्टमध्ये कागदावरही लावा. आमच्याकडे तीच वाचतात.